केझायाच्या वहीतली एकतीस पुस्तकं

१८ नोव्हेंबर

प्रिय केझाया,

तुझा पत्ता टिर्झाकडून घेतला. तिला बोलू नकोस. तीन रविवार मी तिच्या मागे लागले होते, तेव्हा कुठे तिने लिहून दिला. वर म्हणाली, “उपदेश लिहिणार असशील तर तिकीट फुकट घालवू नकोस, आई.” पंधरा वर्षांची आहे आणि बोलते थेट तुझ्या आजीसारखी.

तेव्हा उपदेश नाही.

इकडे पहिला बर्फ पडून गेला. बाबा बंदूक पुसत बसलेत, हरणांचा मोसम आठ दिवसांवर आलाय. त्यांचा गुडघा दुखतो. म्हणजे लाकडं फोडायची म्हटली की दुखतो, शिकारीला निघाले की थांबतो. घरी शिकवायला मला आता एकटी टिर्झाच आहे. स्वयंपाकघरातलं टेबल फार मोठं वाटतं. तुझ्या बाजूला शाईचा डाग आहे अजून. दोनदा घासून पाहिला, मग सोडून दिला.

लिहायचं कारण असं की टिर्झाची फाईल लावताना कपाटाच्या तळाशी तुझी शेवटच्या वर्षाची वाचननोंद सापडली. निळ्या पुठ्ठ्याची वही, तू स्वतः लिहिलेली. मला वाटलं होतं, सहा वर्षांपूर्वी जाताना तू ती नेलीस. त्यातच तुझा शाळा संपल्याचा दाखलाही होता. त्या वेळी तो कुठे गेला ते कळलं नव्हतं. असो.

वही वाचली. मी लावून दिलेली पुस्तकं तू काळ्या शाईने लिहिली आहेस आणि मी न दिलेली हिरव्या. हिरवी मोजली, एकतीस भरली. राक्षस, चेटकिणी, बोलणारे कोल्हे, उलटी वाहणारी नदी. प्रत्येकाखाली तुझी एकेक ओळ. त्या वर्षी मला ही एकतीस पुस्तकं म्हणजे घराच्या भिंतीला पडलेली एकतीस भोकं वाटली होती. आपण मुलींना शाळेत न घालता घरी का शिकवलं, तर बाहेरचा वारा लागू नये म्हणून. आणि वारा तर आतूनच येत होता.

पहिलं पुस्तक वाचून पाहायचं ठरवलंय. फक्त पहिलं. तुला त्यात काय दिसलं ते कळावं म्हणून. यातून दुसरा काही अर्थ काढू नकोस.

उत्तर लिहायलाच हवं असं नाही. आज कोंबडी घालून मक्याचं सूप केलं होतं.

आई


१२ डिसेंबर

प्रिय केझाया,

ऑटिंगरबाई आता दर गुरुवारी गावच्या वाचनालयात बसतात. दर जूनला त्या आपल्याकडे तपासनीस म्हणून यायच्या, तुझी वही बघून तुझ्याशी तासभर बोलायच्या, मग सही करायच्या. अजून येतात, टिर्झासाठी. सत्त्याहत्तर वर्षांच्या झाल्या, पण चष्म्यावरून बघायची ती पद्धत तीच. पुस्तक पुढे ठेवल्यावर म्हणाल्या,

“हे कोणासाठी, रोडा?”

“टिर्झासाठी.”

“टिर्झाने हे दोन वर्षांपूर्वी वाचलंय.”

माझ्या मागे ग्लेंडा उभी होती, आपल्या शुक्रवारच्या आयांच्या गटातली, हातात लोणच्यांचं पुस्तक घेऊन. बाईंनी पुस्तकावर शिक्का मारला, पालथं घातलं आणि मोठ्याने म्हणाल्या, “हं, हे तुझं शिवणकामाचं.” तपासनीस बाईंनी माझ्यासाठी खोटं बोलावं!

घरी आणल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. हसू नकोस. माझं सकाळचं प्रार्थनेचं पुस्तक आहे ना, मधमाश्या पाळणाऱ्या साधूच्या चिंतनांचं? त्याचं वरचं वेष्टन काढलं आणि तुझ्या राक्षसांच्या पुस्तकावर चढवलं. बरोब्बर बसलं.

तीन दिवसांत संपलं. त्यातला डोंगराएवढा राक्षस आपलं काळीज एका मेंढपाळ मुलीकडे सांभाळायला देतो. मुलगी ते भाकरीच्या टोपलीत ठेवते आणि विसरते, तिथे मी मान्य करते, माझ्या तोंडून “अगं वेडे!” असं निघालं. बाबांनी विचारलं, “साधूला वेडे म्हणालीस?”

तुझी ओळ होती, ‘काळीज जड असेल असं वाटलं होतं. ते उबदार निघालं.’ सतरा वर्षांच्या मुलीने हे लिहिलं, आणि मी त्याच टेबलावर बसून तुझी बेरीज तपासत होते.

दुसरं पुस्तक मागवलंय. आज सफरचंदाचा मुरंबा घोटला, अकरा बरण्या.

आई


२० जानेवारी

प्रिय केझाया,

पकडली गेले.

एका सकाळी मी खिडकीपाशी वाचत होते. टिर्झा पाठीमागून आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “आई, तुझ्या साधूच्या पुस्तकात ड्रॅगन आहे.”

मी म्हटलं, “दृष्टांत आहे तो.”

“दृष्टांताला मिशा आहेत?”

मग आम्ही दोघी इतक्या हसलो की बाबा दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आले. टिर्झाने पुस्तक हातात घेतलं, तुझं आहे हे ओळखलं, आणि तिचं हसू थांबलं. “ताईच्या यादीतलं हे कितवं?” मी म्हटलं, सातवं. ती माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली. तशी ती लहानपणी तुझ्या खांद्यावर ठेवायची, तू वाचून दाखवत असताना.

तुला एक सांगते. हे मी पाद्रीसाहेबांनाही सांगितलेलं नाही. तू गेल्यापासून माझं सकाळचं वाचन कोरडं पडलं होतं. चिंतनांची पुस्तकं एकामागून एक आणली, मौनावरची, उपासावरची, देवाच्या जवळ बसण्यावरची. पानं उलटत होते, पण मनात कोणी बसत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, रोडाची श्रद्धा काय खोल. अगं, विहीर आटली की तीही खोलच दिसते.

आणि आता त्या मिशांच्या ड्रॅगनपाशी, तो आंधळा झालेला असतो आणि तरी रोज संध्याकाळी सूर्याकडे तोंड करून बसतो, तिथे वाचता वाचता मी पुस्तक मिटलं आणि प्रार्थना केली. ठरवून नाही. आपोआप झाली. बऱ्याच वर्षांनी.

मग आठवं संपवून नववं पुस्तक घेतलं. आधी वहीतली तुझी ओळ वाचायची, मग पुस्तक, असा क्रम ठेवलाय. नवव्याखाली हिरव्या शाईत आहे, ‘आईला हे फार आवडेल. पण ती वाचणार नाही.’

मी वाचलं, राणी. आवडलं.

आज काही केलं नाही. कालचंच गरम केलं.

आई


६ मार्च

प्रिय केझाया,

सतरावं पुस्तक आपल्या डोंगराळ भागातल्या जुन्या गोष्टींचं आहे, म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून लिहिलेल्या. त्यातली बगळ्याची गोष्ट तुला आठवत असेल. आई रागाच्या भरात मुलीला म्हणते, ‘इतकं पाण्यापाशी बसायचं असेल तर बगळाच हो.’ मुलगी बगळा होते आणि उडून जाते. मग ती आई रोज तळ्याकाठी जाते. तिला मंत्र येत नाही, माफी कशी मागतात तेही ठाऊक नाही. ती फक्त आज घरात काय शिजवलं ते पाण्याकडे बघून सांगते. आज घेवडा. आज जवाची भाकरी. बगळा दर दिवशी एक पाऊल जवळ येतो.

हे वाचून मला माझी आधीची पत्रं आठवली. मी ती गोष्ट वाचायच्या आधीपासून हेच करतेय.

पण गोष्टीतली आई एक गोष्ट करत नाही, ती खोटं बोलत नाही. मी बोलले. पहिल्याच पत्रात. तुझी वही मला ‘सापडली’ नाही. मीच ती कपाटाच्या तळाशी, जुन्या पडद्यांखाली ठेवली होती. दाखलाही हरवला नव्हता.

त्या जूनमध्ये काय झालं ते तुला माहीत आहे. तरी मला एकदा माझ्या हाताने लिहायचंय, कारण आजवर मी ते कुणाला जसंच्या तसं सांगितलेलं नाही.

ऑटिंगरबाई यायच्या आदल्या दिवशी मी तुझी वही उघडली आणि हिरवी शाई पाहिली. तू लपवलं नव्हतंस. लपवता आलं असतं. पण सहा वर्षांची असल्यापासून मीच तुला शिकवलं होतं की नोंद खरी हवी. जे वाचलं ते लिहायचं, न वाचलेलं लिहायचं नाही. तू माझा धडा पाळलास. आणि मी बसून, माझ्या अक्षरात, दुसरी वही तयार केली. तुझी काळी पुस्तकं ठेवली. हिरवी एकतीस गाळली. त्यांच्या जागी संतचरित्रं घातली, तू न वाचलेली.

दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखी तयार होऊन बसलीस. धुतलेले केस, ओली वेणी, कापलेली नखं. बाईंनी वही उघडून विचारलं, “या चरित्रांतलं कोणतं आवडलं, केझाया?” तू वहीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. आणि म्हणालीस, “बाई, ही वही माझी नाही.”

मला तेव्हा वाटलं, तू मला चारचौघांत खोटं पाडलंस. आता दिसतं की तू खोटं बोलायला नकार दिलास, एवढंच. बाईंनी तुझ्याशी तासभर बोलून तुझ्या दाखल्यावर सही केली. दुसरी सही माझी हवी होती, आईची आणि शिक्षिकेची. त्या माझ्याकडे पेन देत म्हणाल्या, “रोडा, मुलगी तयार आहे.” मी म्हटलं, “मी नाही.”

तीन आठवडे तू वाट पाहिलीस. कॉलेजची मुदत गेली. जिथे तुला याच लोककथा शिकायच्या होत्या, ते कॉलेज. मग बाबांनी तुला बसपर्यंत सोडलं. परत आल्यावर ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, हे तुला माहीत नसेल.

एका सहीचा प्रश्न होता. शाळेत असतीस तर दहा माणसं होती सही करायला. घरी मी एकटीच होते. आई मी, बाई मी आणि दार अडवून उभी राहिलेलीही मीच.

तुझ्याकडे काही मागत नाही. आज घेवडा शिजवला. हे मुद्दाम नाही, आज खरंच घेवडाच होता.

आई


२४ एप्रिल

प्रिय केझाया,

गेल्या शुक्रवारी आयांचा गट आपल्याकडे होता. प्रत्येकीने हल्ली काय वाचते ते सांगायचं असतं. ग्लेंडा म्हणाली, ती कोणत्याशा धीरावरच्या पुस्तकाने फार भारावली आहे. माझी पाळी आली. साधूच्या वेष्टनातलं चोविसावं पुस्तक मांडीवर होतं. मी वेष्टन काढून टेबलावर ठेवलं.

मुखपृष्ठावर शिंगं असलेली बाई आहे.

ग्लेंडा म्हणाली, “रोडा, हे तू मुलींच्या हातून काढून घ्यायचीस.”

“हो,” मी म्हटलं. “चुकले. माझ्या थोरलीने वाचलं होतं, आता मी वाचतेय. तिच्या मागे सहा वर्षं आहे मी.”

“पण शिंगं?”

“ग्लेंडा, ती बाई चारशे पानं एका अनाथ मुलाला घरी पोचवायला चालते. धीराबद्दलच आहे.”

दोघी जणी लवकर उठल्या. पुढच्या शुक्रवारी बोलावतील की नाही, ठाऊक नाही. ग्लेंडा मात्र भांडी विसळायला थांबली आणि पाण्याचा आवाज चालू असताना हळूच विचारलं, “पोचतो का तो मुलगा?” मी म्हटलं, वाच आणि बघ. तिने ते पर्समध्ये घातलं, टाचण्यांच्या डबीखाली.

यासोबत दोन गोष्टी पाठवतेय.

पहिली, तुझा दाखला. सही केली आहे. तारीख आजची घातली. सहा वर्षांपूर्वीची घालता आली असती, तशी ती जागा मोकळीच होती. पण नोंद खरी हवी. तुला याचा आता उपयोग नाही हे मला कळतं. तू सरकारी परीक्षा देऊन तुझा मार्ग काढलास, तिथल्या रोपवाटिकेत तुझ्या हाताखाली चार माणसं आहेत, टिर्झा अभिमानाने सांगते. फाडून टाकलास तरी चालेल. पण तो माझ्या कपाटात असणं बरोबर नव्हतं.

दुसरी, माझी वाचननोंद. हिरवी शाई आणली. तुझी चोवीस पुस्तकं झाली आहेत, प्रत्येकाखाली माझी एक ओळ. तुझ्या ओळींइतक्या चांगल्या नाहीत. काही ठिकाणी मला पुस्तक कळलंच नाही, तिथे तसंच लिहिलंय.

आता मागणं. नाही म्हटलंस तरी पत्रं येत राहतील, तेव्हा धाक समजू नकोस. वर्षाच्या शेवटी नोंद तपासून घ्यायची असते, आणि मला तपासनीस नाही. ऑटिंगरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “माझं नाही ते काम. ज्याची यादी, त्याने तपासावं.” तू माझी वही तपासशील?

आज गव्हाच्या पिठाचं धिरडं आणि मुरंबा. अकराव्या बरणीतला.

आई


९ जून

प्रिय केझाया,

पाकीट काल आलं. टिर्झा पत्रपेटीपासून पळत आली, अनवाणी, ओरडत. मी कणकेच्या हातांनी फोडलं, म्हणून वहीवर पिठाचे ठसे आहेत. माझेच आहेत, तपासताना गुण कापू नकोस.

तुझ्या पेन्सिलीच्या खुणा सगळ्या वाचल्या. चौथ्यापाशी, ‘हे खरं वाटत नाही, आई. लोकांना आवडेल असं लिहिलंयस.’ बरोबर. बाराव्यापाशी, ‘शेवटचं प्रकरण वाचलंच नाहीस ना? दुःखाचं असलं की तू वगळतेस. आम्हाला वाचून दाखवतानाही वगळायचीस. आम्हाला माहीत होतं.’ तेही बरोबर. काल दुपारी जाऊन वाचून आले. वाचनालयातच रडले. ऑटिंगरबाईंनी मला कागदी रुमाल दिला आणि म्हणाल्या, “इथे तीसुद्धा रडली होती, याच खुर्चीवर.”

नवव्यापाशी तू काहीच लिहिलेलं नाहीस. फक्त तुझी जुनी ओळ मी उतरवून घेतली होती, तिच्यातलं दुसरं वाक्य तू एका रेघेने खोडलंयस. ती रेघ मी किती वेळ पाहत होते ते लिहीत नाही.

आणि शेवटच्या पानावर, तुझ्या मोठ्या अक्षरात: ‘नोंद पाहिली. नियमाप्रमाणे तोंडी परीक्षा प्रत्यक्ष घ्यावी लागते. गुरुवार, १५ जून, दुपारी चार. माफी वेगळी गोष्ट आहे, तिच्यावर मी अजून काम करतेय. ही फक्त तपासणी.’

मान्य. फक्त तपासणी. टिर्झाला ताकीद दिली आहे, दारात गळ्यात पडायचं नाही. ती म्हणते, “तू तुझं बघ.” बाबांनी पायरीची सैल फळी ठोकून घेतली. सहा वर्षं ती हलत होती, गुडघ्यामुळे राहिली होती म्हणे.

मी परीक्षेची तयारी करतेय. मला आता कळतंय, दर जूनला तुला काय वाटत असेल. गुरुवारी सकाळी मी केस धुणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, नंतर टेबलावर उघडकीला यायला नको. एकतिसावं पुस्तक पूर्ण झालेलं नाही. शेवटची चाळीस पानं राहिली आहेत. वही परत आल्यावर काल मी त्यात आधी लिहिलं होतं, ‘वेळ झाला नाही.’ ते खोडलं. वेळ होता. पुस्तक दोन आठवडे उशाशी आहे. मी त्या पानापर्यंत भराभर आले आणि थांबले, कारण ही चाळीस पानं संपली की तुझी यादी संपते. सात महिने मी रोज सकाळी तुझ्या मागून एकेका पुस्तकात शिरत होते. पुढे तुझी हिरवी ओळ नसेल तर कुठे जायचं, ते मला माहीत नाही.

नोंदीत तसंच लिहिलंय. अपूर्ण.

तेव्हा परीक्षेत नापास करायचं तर कर. पण तपासणी झाल्यावर, बस सुटायला वेळ असेल तर, उरलेली पानं तू वाच. मोठ्याने. तुझ्या बाजूला बसून, त्या शाईच्या डागापाशी. मी मध्ये काही बोलणार नाही. दुःखाचं आलं तरी वगळू नकोस.

गुरुवारी कोंबडी घालून मक्याचं सूप असेल.

आई